आई पेरूला गेली तो उन्हाळा

थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी यायला लागलं की इथला उन्हाळा आला असं समजायचं. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात आणि सकाळी तोंडावर पाण्याचा हबका मारावा तर चेहरा भाजतो. मग आम्ही गीझर बंद करून टाकतो. बंद गीझरमधलं पाणी घरातल्या एसीत निवतं, म्हणून पुढचे काही महिने गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडायचा. भारतातून नव्याने आलेल्यांना हे सांगितलं की ते हसतात. मी इथेच वाढले. मला नवल वाटतं ते हिवाळ्यात सरळ वागणाऱ्या नळांचं.

यंदाही जून आला आहे. इमारतीच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर दुबईतली आमची वस्ती, सगळं सिलिकॉन ओएसिस, पुसून जातं. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांआड चंदेरी पडदे लागले आहेत. रस्त्याकडेच्या खजुरांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात, आत फळं पिवळी पडू लागलीत. आता शाळा सुटतील, लोक सुट्टीला गावी जातील, मजल्यावरच्या दारांपुढून चपला नाहीशा होतील. आणि या सगळ्याबरोबर, न चुकता, मला हेवा वाटायला लागेल. माझ्या आईचा.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही. मैत्रिणीचा हेवा वाटला तर दुसऱ्या मैत्रिणीला सांगता येतं, दोघी मिळून नाकं मुरडता येतात. ऑफिसातल्या कुणाचा वाटला तर आईला सांगता येतं. पण आईचाच वाटला तर? मी तो वर्षानुवर्षं घडी करून आत ठेवला आहे, आणि ऊन चढलं की तो आपोआप उलगडतो.

आई पेरूला गेली त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आईचा फोन आला, "केतकी, मी आणि फरीदा निघालोय. तुझ्याकडे येतोय." आईबाबा राहतात अबुधाबीच्या खलिफा सिटीत, मी नोकरीसाठी दुबईत. तासाभराचा रस्ता. आई अशी आपणहून, कारण नसताना कधी येत नाही. मी घर आवरलं. रूममेटचे कपडे सोफ्यावरून तिच्या खोलीत फेकले, पोहे भिजवले, कोथिंबीर निवडली. कोथिंबीर निवडताना गुणगुणत होते हेही मला आठवतं.

दोघी आल्या त्या बूट घालून. आईने पर्स माझ्या हातात दिली, घोटभर पाणी प्यायली आणि विचारलं, "जिना कुठंय गं तुमचा? तो आगीचा?"

खलिफा सिटी सगळी बसकी आहे. बुटके व्हिला, लांबलचक भिंती, बोगनवेली आणि भिंतींवरून चालणारी मांजरं. तिथे चढ म्हणून काही नाहीच. हिवाळ्यात आईचा ट्रेकिंगचा ग्रुप रास अल खैमाच्या, हत्ताच्या डोंगरांत जातो, पण मेपासून ते डोंगर तव्यासारखे तापतात. आणि जुलैत तर आई आणि फरीदाखाला पेरूला जायच्या होत्या, इंका लोकांनी बांधलेल्या दगडी वाटेने चार दिवस चालून माचू पिचूला. म्हणून सराव. एसीतला सराव. माझ्या वीसेक मजल्यांच्या इमारतीचा आगीच्या वेळी उतरायचा जिना.

आई माझ्याकडे आली नव्हती. माझ्या जिन्याकडे आली होती.

पोहे गार होईपर्यंत दोघी चढत-उतरत राहिल्या. मी मजल्यावरचं जड दार टाचेने उघडं धरून उभी होते, कारण ते दार मिटलं की जिन्याच्या बाजूने उघडत नाही, थेट तळमजल्याला जाऊनच बाहेर पडावं लागतं. त्या जिन्याला सिमेंटचा आणि जुन्या रंगाचा वास येतो. खालून त्यांचा आवाज घुमत वर यायचा. आधी पावलं, मग धाप, मग हसू. दुसऱ्या फेरीला सिक्युरिटीवाला वर आला. कॅमेऱ्यात त्याला दोन बायका पुन्हा पुन्हा दिसल्या होत्या.

"मॅडम, लिफ्ट चालू है," तो काळजीने म्हणाला.

"मालूम है भैया," आई म्हणाली. "लेकिन जहाँ जाना है, वहाँ लिफ्ट नहीं है।"

फरीदाखाला कठड्याला धरून इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं. ती आमची खलिफा सिटीतली शेजारीण, रत्नागिरीकडची, दाभोळच्या खाडीकाठच्या गावातली. तिच्या नवऱ्याचं मुसाफ्फामध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी दहा वर्षांची असल्यापासून ती मला ओळखते आणि मी तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते. "अगो केतकी," ती पदर सावरावा तसा ओढणीने घाम पुसत म्हणाली, "तुझी आई म्हंजे शेळी हाय शेळी. वर बघत नाय, खाली बघत नाय, नुसती चढतच जाते."

मी हसले. मला ते आवडलं नव्हतं. माझ्या आईबद्दलची एक गोष्ट मला दुसऱ्या कुणाकडून कळत होती.

मुळात पेरू माझा होता. सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी मला इंका लोक मिळाले होते. बाकीच्यांना पिरॅमिड, ज्वालामुखी असलं सोपं काहीतरी. मी महिनाभर वाचत होते. चाक न वापरता डोंगरावर उभी केलेली शहरं, दोऱ्यांना गाठी मारून ठेवलेले हिशेब, चुना न घालता एकमेकांत बसवलेले दगड. आईने फक्त थर्मोकोल कापला. सुरी गॅसवर तापवून तिने डोंगरउताराच्या पायऱ्या पायऱ्यांची शेतं कापली होती, आणि घरभर जळक्या थर्मोकोलचा वास दोन दिवस राहिला होता. रंग दिला, खाली हिरवी डाळ चिकटवली. पण प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या टेबलाशी पहिले पालक आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सगळं पाठ होतं. इंग्रजीत पाठ होतं. मी टेबलक्लॉथच्या कडेकडे बघत उभी राहिले.

मग आई पुढे आली आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगायला लागली. "दिस इज फार्मिंग. लाइक स्टेप्स. व्हेरी क्लेव्हर पीपल." लोक थांबून ऐकत होते, प्रश्न विचारत होते. आई मध्येच माझ्याकडे वळून मराठीत विचारायची, "केतू, त्या दोऱ्यांना काय म्हणतात गं?" मी हळूच सांगायची, "कीपू." आणि आई सगळ्यांना सांगायची, "कीपू!" जणू तिनेच त्या गाठी मारल्या होत्या. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "एकदा जाऊन बघायला पाहिजे हे." मला वाटलं, ती माझ्याबद्दल बोलतेय.

नंतर खरोखर जायची वेळ आली तेव्हा तिने मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. त्या वाटेवर रोज ठराविकच माणसं सोडतात, पासपोर्टवरच्या नावाने परवाना काढावा लागतो, तोही कित्येक महिने आधी. त्यामुळे हिवाळ्यातच, एका रात्रीच्या जेवणाला, आमटी वाढता वाढता आई म्हणाली, "केतकी, येतेस का पेरूला? दोघींचं नाव देते."

"कोण कोण आहे?" मी विचारलं.

"ग्रुपमधलेच. तू ओळखत नाहीस फारसं. तंबूत दोघीदोघी झोपायचं."

मला एकदम सगळं दिसलं. अनोळखी लोकांबरोबर गोल बसून जेवणं, सकाळी तोंड न धुता गुड मॉर्निंग म्हणणं, आणि कुणीतरी नक्की विचारणार, "तू इतकी गप्प का?" मी म्हणाले, "नको. लीव नाही मिळणार."

"बरं," आई म्हणाली, आणि बाबांना भात वाढायला वळली.

आता इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात पहिला नको हा नको नसतो. पानावर हात आडवा धरून नको म्हणायचं, वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारायचा, परत नको म्हणायचं, मग अर्धीच घालते म्हणून अख्खी पोळी पडायची आणि ती आनंदाने खायची. पाहुण्यांकडे गेलं तरी हेच, आमच्याकडे कुणी आलं तरी हेच. शाळेत इंग्रजीतून मला शिकवलं होतं की नो म्हणजे नो. पण मी आईला नो म्हटलं नव्हतं. मी नको म्हटलं होतं. तिने आणखी एकदा विचारलं असतं, फार तर दोनदा, तर लीवचं मी बघितलं असतं. लीव मी मागितलीही नव्हती.

मी वाट बघत राहिले. आठवड्याने फोनवर आई सहज म्हणाली, "फरीदाचं नाव दिलं गं. तिच्या घरातले पण हो म्हणाले." तिच्या आवाजात एक हलकी उडी होती. मी म्हणाले, "ग्रेट!" इंग्रजीत. मला काही लपवायचं असलं की मी इंग्रजीत बोलते.

जुलैत त्या गेल्या. मी ऑफिसमधून वर्क फ्रॉम होम घेतलं आणि बाबांच्या सोबतीला खलिफा सिटीत राहायला आले. म्हणजे लीव नाही तरी जागा बदलायला मिळत होती. आईच्या स्वयंपाकघरात तिच्या डब्यांची रांग तशीच होती. एरवी त्या दिवसांत अंगणातल्या फरशीवर प्लास्टिकवर तिच्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या पसरलेल्या असायच्या. इथल्या उन्हात त्या एका दुपारीत काचेसारख्या वाळतात. त्या वर्षी फरशी रिकामी होती आणि तिच्यावरून ऊन नुसतं चालत जायचं.

आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. मी पडदे ओढून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, एसीच्या घरघरीत बसलेली असायची आणि फोन थरथरायला लागायचा. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, उन्हाने आभाळ पांढरंफटक झालेलं असायचं. आणि फोनमध्ये निळंभोर. आई कानझाकणी लोकरी टोपीत. आई लामाशेजारी. आई कुस्कोच्या एका गल्लीत, तळहात एका प्रचंड दगडावर ठेवून उभी. तो बाराकोनी दगड मी सातवीत कागदावर काढला होता, कोन मोजून. आणि बहुतेक फोटोंत माझं जांभळं जॅकेट, कारण थंडीचे कपडे आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतेच. माझं जॅकेट पेरूला गेलं होतं.

सगळ्यात जास्त मला खुपायचं ते तिचं हसू. आई फोटोत दात दाखवून हसत नाही. तिचा पुढचा एक दात किंचित वाकडा आहे, आणि कॅमेरा दिसला की ती ओठ मिटून घेते. माझ्या पदवीदानाच्या फोटोतही ओठ मिटलेले. तिथे मात्र ती सगळे दात दाखवून हसत होती, आणि फोटो काढणारी अर्थातच फरीदाखाला होती.

बाबा प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायचे. त्यांना कसलाच हेवा नव्हता. ऑफिसमध्ये ते सगळ्यांना हिंदीत सांगत फिरत होते, "वाइफ एंडीज में है।" घरात जळणारी मी एकटीच होते.

कुस्कोहून एकदा तिने बाजारातला व्हिडिओ पाठवला. नुसते बटाटे. काळे, जांभळे, गाठीगाठींचे, आणि एका गोणीत पांढरे, खडूच्या तुकड्यांसारखे हलके. मागे तिचा आवाज: "केतकी, हे बघ, रात्री बाहेर गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, मग उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. म्हणजे आपलं वाळवणच की गं! फक्त यांना थंडीही कामाला येते." ही गोष्ट मला बारा वर्षांपासून माहीत होती. प्रदर्शनातल्या एका लेबलवर मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली होती. पण कुरडयांनी भरलेल्या घरात वाढूनही मला कधी वाळवण हा शब्द सुचला नव्हता. मी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

मग त्या वाटेला लागल्या. डोंगरात फोन लागत नाही. ते चार दिवस घरात इतकी शांतता होती की फ्रीजचा आवाज खोलीत कुणीतरी असल्यासारखा वाटायचा. बाबांनी खिचडी केली, परत खिचडी केली. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "आणखी वाढू?"

"नको."

"बरं," म्हणून त्यांनी पातेलं झाकलं, आणि मग नकळत पुढे सरकलेल्या माझ्या पानाकडे बघून हसले. "हवी होती का? मला नाही गं कळत तुझं. तुझ्या नकोचं भाषांतर आईच करते. तिला बरोब्बर कळतं कुठला खरा आणि कुठला खोटा."

मी पुढे केलेलं ताट तसंच धरून राहिले. तोवर मी स्वतःला समजावत होते की आईला कळलंच नाही. इतकी वर्षं परदेशात राहून तिने नो म्हणजे नो धरलं असेल. पण बाबा म्हणत होते ते खरं होतं. आईला माझ्या नकोतला फरक कळतो, अगदी लहानपणापासून कळतो. म्हणजे त्या रात्री, आमटी वाढताना, तिला कळलं होतं. आणि तरी ती बरं म्हणाली होती.

त्या दिवसापासून माझा हेवा निराळा झाला. आधी तो डोंगरांचा होता, फरीदाखालाचा होता. आता तो आईच्या त्या एका शब्दाचा झाला. मला असा बरं कधी म्हणता येणार?

आई परत आली ती काळवंडलेली, नाकाचं साल निघालेली, आणि थोडी मोठ्याने बोलणारी. सामान उघडलं तेव्हा माझ्या जॅकेटला धुराचा, कसल्यातरी पाल्याचा आणि आईचा वास होता. मी ते धुवायला टाकलं नाही. रागाने की कशाने, ते आजही सांगता यायचं नाही.

चहा घेताना पहिला घोट प्यायच्या आधी तिने कप किंचित कलता करून दोन थेंब कुंडीत सांडले. "तिथली माणसं पहिला घोट जमिनीला देतात," ती म्हणाली. "आण्णा चित्राहुती घालायचे ना पानाभोवती, तसं." आण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना मी पानाभोवती पाणी फिरवताना, भाताची चार शितं बाहेर ठेवताना पाहिलं होतं. हेही मला दोन्हीकडून माहीत होतं आणि तरी जोडता आलं नव्हतं.

त्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड मेलेल्या बाईची खिंड म्हणून ओळखली जाते. खालून बघितलं की डोंगराची कड उताण्या निजलेल्या बाईसारखी दिसते. याबद्दल मी आईला विचारलं, कारण माझ्या थर्मोकोलच्या डोंगरात ती खिंड नव्हती.

"मेलेली कसली," आई म्हणाली. "पाठ टेकून पडलीय बिचारी. सगळी कामं उरकून."

"तेच मी त्या गाइडला बोलले," फरीदाखाला म्हणाली. ती अर्थातच तिथेच होती. "त्याला म्हटलं, बाबा, हिला उठवू नकोस, चहा करायला लागंल."

दोघी हसत सुटल्या. मग आई सांगत राहिली. खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामाला पहाटे फरीदाखाला नमाजासाठी उठली, आणि फोनमधल्या होकायंत्राने दिशा दाखवली ती उगवतीकडची. इथे आणि कोकणातही मक्का मावळतीकडे. आयुष्यभर तिकडे तोंड करण्याची सवय. ती दोनदा फोन हलवून बघत राहिली. मग कडकडीत थंडीत, तांबडं फुटायच्या बाजूला तोंड करून उभी राहिली, आणि आई तिच्यामागे तंबूच्या दाराशी ब्लँकेट पांघरून बसून राहिली. "मी नुसती बघत होते गं," आई म्हणाली. "आपण किती लांब आलोय ते मला तेव्हा समजलं."  फरीदाखालाने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि मग तिसऱ्या दिवशी..." आई म्हणाली, आणि दोघी परत हसायला लागल्या.

"काय झालं तिसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"काही नाही गं. ते सांगून नाही कळायचं."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो तिसरा दिवस मला टोचतो. मी त्याच्या जागी काय काय कल्पून पाहिलं. तंबू उडाला असेल, कुणी घसरलं असेल, दोघी रडल्या असतील. आईच्या आयुष्यात आता एक दिवस असा आहे ज्यात बाबा नाहीत, मी नाही, स्वयंपाकघर नाही. मुलींना आपल्या आईचं माहेर माहीत असतं, शाळा माहीत असते, लग्नाआधीच्या मैत्रिणींची नावं माहीत असतात. ते सगळं आपण यायच्या आधीचं, म्हणून त्याचा राग येत नाही. हा दिवस मी असताना झाला होता.

यंदा परत जिना सुरू झाला आहे. या वेळी पेरूतलीच दुसरी वाट, एका बर्फाच्या डोंगराला वळसा घालणारी, आधीच्यापेक्षा उंच. हिला परवाना लागत नाही, जागा असेपर्यंत नाव देता येतं. ऑगस्टमध्ये जायचंय. हे सगळं मला कळलं ते शनिवारी सकाळी दार टाचेने धरून उभी असताना, जिन्यातून वर येणाऱ्या त्यांच्या गप्पांतून. मला कुणी विचारलं नाही. मी दोन शनिवार वाट पाहिली. पोहे केले, उपमा केला. ऑफिसात मॅनेजरशी लीवचं बोलूनही ठेवलं. आई खाऊन, छान झालाय म्हणून, बूट बांधून निघून गेली.

गेल्या शनिवारी मी बूट घातले. दाराखाली जुन्या पुस्तकांचा गठ्ठा सरकवला आणि त्यांच्यामागून चढायला लागले. चार मजल्यांत माझा श्वास तुटायला लागला. फरीदाखाला मागे पडली होती, गुडघ्याला पट्टा बांधून, एकेक पायरी मोजून. आई पुढे होती. मला तिच्या टाचा दिसत होत्या. एका वळणावर ती पाणी प्यायला थांबली आणि मी तिच्याजवळ पोचले.

"मला यायचंय," मी म्हणाले. मराठीत.

आईने बाटलीचं झाकण लावलं. सावकाश लावलं. मला वाटलं होतं तिचा चेहरा फुलेल, ती माझे गाल धरेल. तसं काही झालं नाही. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली, पान आधीच भरलेलं असताना आणखी काही वाढायला आल्यावर माणूस बघतो तशी.

"तेव्हा का नाही परत विचारलंस?" मी म्हणाले. हे मी ठरवलं नव्हतं. धापेबरोबर बाहेर पडलं. "तुला माहीत होतं मी उगीच नको म्हणतेय."

"माहीत होतं," आई म्हणाली.

खालून फरीदाखालाची पावलं येत होती. मग ती थांबली. तिला ऐकू गेलं असावं.

"मनापासून विचारलं होतं मी तुला," आई म्हणाली. "पण तू नको म्हणालीस आणि मला हायसं वाटलं. तेही खरं. तू आली असतीस तर मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघितलं असतं. केतकी जेवली का, केतकीला थंडी वाजतेय का, केतकी कुणाशी बोलतेय का. मला एकदा डोंगराकडे बघायचं होतं गं."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मला कुणी इतकं सरळ कधी उत्तर दिलं नव्हतं. आणि मीही कुणाकडे इतकं सरळ काही मागितलं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

आई विचार करत होती. खरोखर करत होती, माझं मन राखायला नाही. जिन्यातला दिवा हालचाल थांबल्यामुळे विझला, आणि तिने हात हलवून तो परत लावला.

"ये," ती म्हणाली. "पण तंबू माझा आणि फरीदाचा. तू दुसऱ्या कुणाबरोबर राहायचंस. आणि मी तुझ्यासाठी थांबणार नाही, तुझ्याशी कोण बोलतंय ते बघणार नाही. चालेल?"

"दुसरं कोण आहे?"

"शारजाची एक बाई आहे, एकटीच येतेय. मी ओळखत नाही."

"घोरते म्हंतात," खालून फरीदाखालाचा आवाज आला.

मला अजूनही फरीदाखालाचा हेवा वाटत होता, तिथे उभी असताना, त्या क्षणी, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त. आईने तिला निवडलं होतं, माझ्यासमोर, माझं मन न राखता.

"चालेल," मी म्हणाले.

"बरं," म्हणून आई वळली आणि चढायला लागली. तिच्या टाचा वळणाआड गेल्या. फरीदाखाला माझ्यापर्यंत पोचली, माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर टेकली, आणि म्हणाली, "अगो, बघत काय उभी राह्यलीस. ती थांबायची नाय."

"तुझ्या वेळी थांबली होती?"

"माझ्या वेळीपण नाय," फरीदाखाला म्हणाली. "मी पोचले माझी माझी."